दरपत्रकाने घडवलेला फोन

मोबाइल फोनचा इतिहास बहुधा पिढ्यांच्या हिशेबाने सांगितला जातो: पहिल्या पिढीत आवाज सलग लहरींच्या रूपात, म्हणजे अ‍ॅनालॉग पद्धतीने जात असे, दुसऱ्या पिढीत तो अंकांत रूपांतरित होऊन जाऊ लागला, तिसऱ्या पिढीत इंटरनेट हातात आले आणि पुढच्या दोन पिढ्यांत त्याचा वेग वाढत गेला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने हा क्रम बरोबर असला, तरी सामान्य माणूस फोन कसा आणि कशासाठी वापरत आला, याचा उलगडा त्यातून होत नाही. भारतापुरते पाहिले, तर मिस्ड कॉल, लघुसंदेश, दोन सिमकार्डांची सोय, दहा रुपयांचा रिचार्ज, दुकानात जाऊन मेमरी कार्डात भरून घेतलेली गाणी अशा ज्या गोष्टींनी फोनचा रोजचा वापर घडवला, त्यांचे मूळ दूरसंचार कंपन्यांच्या दरपत्रकात आणि त्या दरपत्रकातून वाट काढण्याच्या ग्राहकांच्या खटपटीत सापडते. शोध लावणाऱ्यांनी यंत्र दिले, हे खरेच. पण त्याचा रोजचा उपयोग काय असावा, हे मुख्यत्वे दराने आणि काटकसरीने ठरवले.

मोबाइलच्या मुळाशी असलेली कल्पना फोनपेक्षा बरीच जुनी आहे. रेडिओलहरींच्या उपलब्ध वारंवारिता मोजक्या असल्याने एका शहरासाठी एकच उंच मनोरा उभारला, तर एका वेळी थोड्याच लोकांना बोलता येते. त्याऐवजी शहराची लहान क्षेत्रांत, म्हणजे ‘सेल’मध्ये, विभागणी करून प्रत्येक क्षेत्राला कमी शक्तीचे केंद्र दिले, तर तीच वारंवारिता काही अंतरावरच्या दुसऱ्या क्षेत्रात पुन्हा वापरता येते, आणि बोलणारा माणूस एका क्षेत्रातून दुसऱ्यात शिरला की त्याचा कॉल शेजारच्या केंद्राकडे सोपवला जातो. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डग्लस रिंग यांनी १९४७ मध्येच ही योजना टिपणाच्या रूपात मांडली होती, मात्र पहिले व्यापारी सेल्युलर जाळे टोकियोत सुरू व्हायला १९७९ साल उजाडले आणि तेही मोटारीत बसवलेल्या फोनांसाठी होते. मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून बेल प्रयोगशाळेतील आपले प्रतिस्पर्धी जोएल एंगेल यांनाच हातातल्या फोनवरून कॉल लावला, परंतु त्या नमुन्याचे विक्रीयोग्य रूप, डायनाटॅक ८०००एक्स, दहा वर्षांनी आले. त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती आणि अर्धा तास बोलण्यासाठी ते सुमारे दहा तास चार्ज करावे लागे. या प्रवासात संशोधकांच्या नजरेसमोर जो ग्राहक होता, तो घाईत असलेला आणि खर्चाची फिकीर नसलेला व्यावसायिक होता. ऊसतोड मजूर, घरकाम करणारी बाई किंवा वसतिगृहातील विद्यार्थी त्या चित्रात कुठेही नव्हते.

युरोपातील देशांनी १९८२ पासून एकत्र येऊन जीएसएम नावाची समान अंकीय पद्धत तयार केली आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये तिच्यावरचा पहिला कॉल झाला. या पद्धतीने दोन गोष्टी दिल्या, ज्यांचे पुढचे महत्त्व त्या वेळी फारसे कोणाच्या लक्षात आले नसावे. पहिली म्हणजे सिमकार्ड: ग्राहकाची ओळख एका लहान चिपवर ठेवल्याने फोन आणि क्रमांक या दोन वेगळ्या वस्तू झाल्या आणि एक काढून दुसरी घालणे शक्य झाले. दुसरी म्हणजे लघुसंदेश, अर्थात एसएमएस. कॉल जोडण्यासाठी, फोन कोणत्या क्षेत्रात आहे हे कळवण्यासाठी आणि घंटी वाजवण्यासाठी जाळे एक स्वतंत्र संकेतमार्ग वापरते. तो मार्ग बराच काळ रिकामा असतो, तेव्हा त्या रिकाम्या वेळात छोटे मजकूर पाठवावेत, असा विचार पुढे आला. जर्मनीचे फ्रीडहेल्म हिलेब्रांड यांनी १९८५ च्या सुमारास टंकलेखन यंत्रावर वेगवेगळी वाक्ये टंकून अक्षरे मोजली आणि बहुतेक वाक्ये १६० अक्षरांत बसतात, असा निष्कर्ष काढला. पहिला संदेश ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये गेला. नाताळच्या शुभेच्छांचा तो मजकूर नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने संगणकावरून पाठवला होता, कारण फोनवरून संदेश लिहिण्याची सोय त्या वेळी नव्हती.

ही १६० अक्षरांची मर्यादा मराठी वाचकाने थोडी जवळून पाहायला हवी. एका संदेशासाठी राखलेली जागा १४० बाइट, म्हणजे ११२० बिट असते आणि रोमन अक्षर सात बिटांत मावते, म्हणून १६० अक्षरे बसतात. देवनागरीसाठी युनिकोड ही सर्व लिप्यांना सामावणारी संकेतपद्धत वापरावी लागते आणि तिच्यात प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागतात. त्यामुळे त्याच जागेत फक्त ७० चिन्हे मावतात. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त ही प्रत्येक खूण स्वतंत्र चिन्ह म्हणून मोजली जाते, म्हणजे ‘श्री’ या एका अक्षराची चार चिन्हे होतात आणि ‘ज्ञानेश्वरी’ या एका शब्दाला अकरा चिन्हे खर्ची पडतात. मजकूर सत्तरच्या पुढे गेला की संदेशाचे तुकडे होतात, त्या तुकड्यांची जोडणी करण्यासाठी प्रत्येकातली थोडी जागा जाते, चिन्हे ६७ वर येतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे लागतात. इंग्रजीत एका संदेशाच्या दरात जाणारा मजकूर मराठीत दोन किंवा तीन संदेशांचा होत असे, आणि पाठवलेला मजकूर समोरच्या फोनवर अक्षरांऐवजी रिकाम्या चौकोनांच्या रूपात उमटण्याची शक्यता असे, ती वेगळीच. या परिस्थितीत एका अख्ख्या पिढीने मराठी रोमन लिपीत लिहिण्याची सवय लावून घेतली. तरुणांना मायलिपीची चाड उरली नाही, अशी टीका त्या काळात पुष्कळ झाली. टीकाकारांनी संदेशाचा दर आणि त्याची चिन्हसंख्या पाहिली असती, तर दोष भलतीकडे शोधण्याची वेळ आली नसती. पुढे इंटरनेटवरून जाणाऱ्या संदेशांना चिन्हमोजणीची अट उरली नाही, तेव्हा देवनागरी फोनवर सहज परतली, मात्र रोमनची सवय अनेकांच्या बोटांत अजून शिल्लक आहे.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्यातून दिल्लीला केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून बोलून या सेवेचा प्रारंभ केला. दर मिनिटाला १६ रुपयांपर्यंत जात असे, आणि विशेष म्हणजे कॉल करणाऱ्याप्रमाणेच कॉल घेणाऱ्यालाही पैसे मोजावे लागत. या एका नियमाने फोनचे स्वरूपच बदलून टाकले होते. ज्याच्याकडे फोन असे, तो आपला क्रमांक सहसा कोणाला देत नसे, घंटी वाजली की क्रमांक पाहून कॉल कापत असे आणि जवळच्या लँडलाइनवरून किंवा एसटीडी बूथवरून उलट फोन करत असे. म्हणजे खिशातल्या फोनचा उपयोग पेजरसारखा, नुसती वर्दी घेण्यापुरता होत असे. १९९९ च्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठरावीक परवाना शुल्काचा बोजा काढून त्याजागी उत्पन्नातील वाटा आणला, त्यानंतर दर उतरू लागले. परंतु निर्णायक बदल १ मे २००३ रोजी झाला. त्या दिवसापासून पैसे फक्त कॉल करणाऱ्याने द्यायचे, हे तत्त्व भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या, म्हणजे ट्रायच्या, नव्या व्यवस्थेने अमलात आले आणि येणारे कॉल मोफत झाले. फोनमध्ये एकही नवा भाग न बसवता तो एका रात्रीत वेगळी वस्तू झाला. ज्याच्या खात्यात एक पैसाही नाही, त्यालाही आता जगाने गाठावे, अशी सोय झाली आणि आपला क्रमांक चारचौघांत वाटणे फायद्याचे ठरू लागले. भारतातील मोबाइलच्या इतिहासात या तारखेला जे स्थान मिळायला हवे होते, ते मिळालेले नाही.

मिस्ड कॉलची संस्कृती या नियमातूनच फोफावली. तिचे अर्थशास्त्र समजण्यासाठी ‘पल्स’ ही संज्ञा लक्षात घ्यावी लागते: पल्स म्हणजे आकारणीचे किमान एकक. एक मिनिटाचा पल्स असताना पाच सेकंदांच्या बोलण्यालाही पूर्ण मिनिटाचे पैसे पडत, आणि ‘पोहोचलो’, ‘खाली ये’, ‘दूध आणून ठेवले’ असे रोजचे निरोप तर पाच सेकंदांहून मोठे नसतात. घंटी वाजण्याला मात्र पैसे नव्हते. तेव्हा एक घंटी म्हणजे निघालो, दोन घंट्या म्हणजे पोहोचलो, असे संकेत घराघरांत ठरत गेले आणि कंपनीच्या जाळ्यावरून, कंपनीला एक पैसाही न देता, निरोप जाऊ लागले. हा प्रकार एकट्या भारताचा नव्हता. जोनाथन डॉनर या संशोधकाने रवांडासह आफ्रिकेतील अशा वापराचा अभ्यास करून २००७ मध्ये एक निबंध लिहिला आणि त्यात या नुसत्या घंटीमागे काटेकोर सामाजिक नियम असल्याचे दाखवून दिले: ज्याची ऐपत अधिक त्याने उलट फोन करावा, ज्याच्याकडून काम करून घ्यायचे आहे त्याला नुसती घंटी देऊ नये, आणि प्रेयसीला तर मुळीच देऊ नये. महाराष्ट्रातही हे अलिखित नियम तसेच दिसत. मुलाने वडिलांना मिस्ड कॉल दिला तर त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. जावयाने सासऱ्यांना दिला असता, तर त्याची चर्चा झाली असती. उलट फोन कोणी करायचा, या प्रश्नाच्या उत्तरात नात्यातली उतरंड आणि प्रत्येकाची ऐपत स्वच्छ वाचता येत असे.

यावर असा आक्षेप घेता येईल की मिस्ड कॉलसाठी फोन करणाऱ्याचा क्रमांक पडद्यावर दिसणे आवश्यक होते आणि ती सोय तंत्रज्ञानानेच दिली. लँडलाइनवर त्यासाठी वेगळे यंत्र बसवावे लागत असे. आक्षेप रास्त आहे, पण तो अर्धाच खरा आहे. क्रमांक दिसण्याची सोय, घ्यावासा वाटेल तोच कॉल घेता यावा, यासाठी होती; कॉल न घेताच संवाद पुरा व्हावा, हा उपयोग तिच्या कर्त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. शिवाय जेथे दरमहा ठरावीक रकमेत भरपूर बोलण्याची मुभा होती, त्या देशांतही हीच यंत्रे, हेच पडदे होते, आणि तेथे ही प्रथा एवढी रुजली नाही. तंत्र तेच असताना वापर वेगळा झाला, तेव्हा कारण तंत्राच्या बाहेर शोधणे भाग आहे.

ग्राहकांची ही युक्ती पुढे बाजाराने आणि राजकारणाने उचलली. बंगळूरमध्ये २०१० साली स्थापन झालेल्या झिपडायल या कंपनीने मिस्ड कॉल हाच व्यवसाय केला: जाहिरातीतल्या क्रमांकावर घंटी द्यायची आणि माहिती, सवलत किंवा क्रिकेटचा धावफलक संदेशाने मिळवायचा. २०१५ च्या जानेवारीत ट्विटरने ती कंपनी विकत घेतली. राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांच्या २०११ मधील आंदोलनात पाठिंबा नोंदवण्यासाठी लोकांना मिस्ड कॉल देण्याचे आवाहन झाले, तर भारतीय जनता पक्षाने २०१४ च्या अखेरीस सुरू केलेली सदस्यनोंदणी याच मार्गाने केली. खुद्द कंपन्यांतही या घंटीवरून भांडण जुंपले. ज्या कंपनीच्या जाळ्यातून कॉल निघतो, तिने तो जेथे संपतो त्या कंपनीला काही पैसे द्यायचे, असा आंतरजोडणी आकार २०१९ मध्ये मिनिटाला ६ पैसे होता. साहजिकच येणारे कॉल ज्या कंपनीकडे जास्त, तिला लाभ अधिक. त्याच वर्षी जिओ या दूरसंचार कंपनीने घंटी वाजण्याचा काळ कमी केला, तेव्हा त्यातून मिस्ड कॉल वाढतात आणि उलट कॉल आपल्याकडे ओढून घेतले जातात, असा आरोप प्रतिस्पर्ध्यांनी केला, जो जिओने अमान्य केला. अखेर ट्रायने मोबाइलची घंटी ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजली पाहिजे, असा नियमच केला. फोन किती वेळ वाजावा, यासारखी क्षुल्लक वाटणारी गोष्टही दराच्या गणितातून सुटली नाही.

दोन सिमकार्डांच्या फोनची कथा याहून थोडक्यात सांगता येते. भारताची विभागणी २२ दूरसंचार परिमंडळांत, म्हणजे सर्कलांमध्ये, झालेली आहे. मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासह दुसरे. सर्कल ओलांडले की रोमिंगचा अधिभार लागे, एका कंपनीचे रात्रीचे दर स्वस्त तर दुसरीचे संदेश स्वस्त असत, आणि गावाकडे एकाच कंपनीचा मनोरा पोहोचलेला असे. ग्राहकांनी दोन-दोन कार्डे पाकिटात बाळगून गरजेप्रमाणे बदलण्यास सुरुवात केली; चिनी बनावटीच्या आणि त्यापाठोपाठ मायक्रोमॅक्ससारख्या भारतीय कंपन्यांच्या फोनांनी दोन्ही कार्डे एकाच वेळी चालू ठेवण्याची सोय देऊन ही अडचण दूर केली. त्या काळी जगातील सर्वांत मोठी फोनकंपनी असलेल्या नोकियाला अशा फोनची गरज पटायला २०१० साल उजाडले, आणि तोवर बाजाराचा बराच भाग हातून निसटला होता.

नोकियाला भारतीय वापराची जाण नव्हती, असे मात्र म्हणता येणार नाही. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मध्ये धूळ रोखणारा कीपॅड, घामेजल्या हातातून न निसटणारी पकड आणि विजेरी होती, आणि त्याचे २५ कोटींहून अधिक नग जगभर विकले गेले. ज्या महाराष्ट्रात पुढच्या काही वर्षांत भारनियमनाने गावेच्या गावे तासन्‌तास अंधारात राहत होती, तेथे त्या विजेरीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. एक फोन अनेक माणसे वापरतात, हे ओळखून २००७ च्या नोकिया १२०० मध्ये एकाहून अधिक नामसूची आणि कॉलला कालमर्यादा घालण्याची सोयही दिली गेली. माणसांचे निरीक्षण करून वस्तू घडवण्याचे हे चांगले उदाहरण होते. पण माणसे काय करतात हे पाहणे आणि ती पैशाचा हिशेब कसा करतात हे पाहणे, यांत अंतर आहे. पहिले नोकियाला साधले, दुसरे उशिरा उमगले.

या साऱ्या काटकसरीचे गोडवे गाण्याचा मोह अनेकांना होतो. जुगाड या नावाने तिचे कौतुक करण्याची फॅशनच मध्यंतरी आली होती. ते कौतुक फार ताणू नये. दहा रुपयांचा रिचार्ज करणाऱ्याला कर आणि प्रक्रिया शुल्क वजा जाऊन त्याहून कमी बोलणे मिळे, म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच प्रत्येक रुपयामागे कमी सेवा मिळे. एसएमएसचा स्वस्त पॅक घेतलेल्यांना दिवाळी, नववर्ष अशा नेमक्या सणाच्या दिवशी पूर्ण दर लावला जाई. ग्राहक हुशार होता, कारण त्याला तसे असणे भाग होते. तरीही या व्यवस्थेत एक गोष्ट होती: दरपत्रक प्रत्येकाला वाचता येत होते, त्यातल्या फटी दिसत होत्या आणि त्या फटींतून स्वतःच्या सोयीचा वापर घडवण्याचे सामर्थ्य अगदी निरक्षर ग्राहकाकडेही होते.

हे सामर्थ्य दोन टप्प्यांत क्षीण झाले. टाटा डोकोमोने २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा असा दर आणला आणि पाच सेकंदांचा निरोप पाच पैशांत जाऊ लागल्यावर मिस्ड कॉलची पहिली निकड ओसरली. मग ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, तिने बोलणे जवळजवळ फुकट केले आणि आकारणी डेटाच्या पॅकवर नेली. मिनिटाचा हिशेब संपल्याने लोक मनसोक्त बोलू लागले, गाणी भरून देणारी दुकाने ओस पडली, गावातल्या मुलीला शहरातल्या शिकवणीचे व्हिडिओ फोनवर पाहता येऊ लागले. हा लाभ मोठा आहे आणि तो नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण याच वेळी फोनमध्ये काय असावे, हे ठरवण्याची जागाही बदलली. आता वैशिष्ट्ये कॅलिफोर्नियातील दोन कंपन्यांच्या प्रणालींमधून, रात्रीत आपोआप उतरणाऱ्या अद्ययावत आवृत्तीतून येतात. ग्राहकाचा वापर पूर्वीही कंपनीच्या उत्पन्नाचे साधन होता, मात्र तेव्हा किंमत रुपयांत लिहिलेली असे; आता ती माणसाच्या लक्ष देण्याच्या वेळात आणि त्याच्या माहितीत वसूल होते, आणि त्याचे दरपत्रक कोठे छापलेले नसते. जे वाचताच येत नाही, त्यातून वाट काढता येत नाही.

दुसरा आघात अधिक थेट होता. २०१८ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांनी क्रमांक चालू ठेवण्यासाठी दरमहा किमान सुमारे ३५ रुपयांचा रिचार्ज सक्तीचा केला, आणि पुढील वर्षांत ही किमान रक्कम वाढत गेली. कारण त्यांच्या बाजूने समजण्यासारखे होते. केवळ कॉल घेणारा ग्राहक जाळे वापरतो आणि देत काही नाही. परंतु २००३ च्या नियमाने दिलेली, शिल्लक शून्य असतानाही गाठता येण्याची सोय या सक्तीने निकालात निघाली. दुसरे सिम अनेकांनी सोडून दिले. ज्या वृद्धाला मुलाचा आठवड्यातून एक फोन घ्यायचा आहे आणि स्वतः कोणालाही करायचा नाही, त्यालाही आता फोन वाजावा म्हणून भाडे भरावे लागते, आणि बऱ्याच पॅकांत त्याने कधीही न वापरलेल्या डेटाचे पैसेही धरलेले असतात.

मिस्ड कॉलला अधिकृत मान्यता मिळाली ती याच काळात, हा योगायोग बोलका आहे. साध्या फोनवरून पैसे पाठवता यावेत, म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये यूपीआय १२३पे ही सेवा सुरू केली आणि तिच्या चार मार्गांपैकी एक मार्ग मिस्ड कॉलचा ठेवला: दुकानातील क्रमांकावर घंटी द्यायची आणि उलट आलेल्या कॉलवर पिन टाकायचा. ग्राहकांच्या खटपटीतून जन्मलेली गोष्ट राष्ट्रीय देयकव्यवस्थेत दाखल झाली. २०१७ पासून प्रत्येक नव्या फोनवर संकटसमयीचे बटण सक्तीचे आहे, तेही शासनाच्या नियमाने. यावरून एवढे दिसते की फोनची वैशिष्ट्ये ठरवण्याचा अधिकार बाजाराचाच आहे, हे गृहीत धरण्याचे कारण नाही. नियामकाने मनावर घेतले, तर घंटी किती सेकंद वाजावी येथपर्यंत तो लक्ष घालू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने प्रत्येक कंपनीने केवळ बोलणे आणि एसएमएस यांसाठी किमान एक वेगळा पॅक दिलाच पाहिजे, असे बंधन घातले आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. दिशा योग्य आहे, पण या पॅकची किंमत किती असावी, हे कंपन्यांवरच सोपवलेले आहे आणि खरा प्रश्न तेथेच आहे. येणारा कॉल मोफत, हे २००३ चे तत्त्व कागदावर आजही रद्द झालेले नाही. ते प्रत्यक्षात यावे असे वाटत असेल, तर नुसते कॉल घेण्यासाठी वर्षभर चालणारा आणि नाममात्र किमतीचा पॅक ट्रायने स्वतः दर ठरवून सक्तीचा करावा.